वास्तू, भूमी आणि नगर : दुहेरी पदवीचा पूर्वेतिहास

एकाच मुदतीत दोन विद्यांचा अभ्यास करून दोन सनदा संपादन करण्याची वहिवाट मराठी समाजाला अपरिचित नाही. मुंबई विद्यापीठाच्या जुन्या काळात एम.ए.च्या अभ्यासाबरोबरच कायद्याच्या वर्गाला हजेरी लावून एल्एल.बी.च्या टर्म्स भरणारे विद्यार्थी पुण्या-मुंबईत पुष्कळ असत. आणि १९१६ साली लंडनला गेलेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी अर्थशास्त्रासाठी लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये व बॅरिस्टरीसाठी ग्रेज इनमध्ये एकाच सुमारास नाव दाखल केले होते, हे तर सर्वश्रुत आहे. परंतु या विद्या ग्रंथाधिष्ठित होत्या. ग्रंथ पहाटे वाचता येतो, आगगाडीत वाचता येतो, आणि एका विषयाचा ग्रंथ मिटून दुसऱ्याचा उघडण्यास फारसा अवधी लागत नाही. ज्या विद्या रेखाटनाच्या मेजावर, गुरूच्या नजरेखाली, दिवसचे दिवस एकाच प्रश्नाला चिकटून राहून आत्मसात कराव्या लागतात, त्यांची गोष्ट निराळी आहे. वास्तुकला, भूदृश्यरचना आणि नगररचना या तीन विद्यांपैकी दोहोंच्या पदव्युत्तर पदव्या एकाच कालखंडात घेण्याचा जो प्रघात आज अमेरिकेतील विद्यापीठांत रूढ झाला आहे, त्याच्या मुळाशी एक दीर्घ विभाजन आहे. आणि ते विभाजन नीट समजून घेतल्याखेरीज, एखादा बुद्धिमान तरुण किंवा तरुणी आयुष्याची चार-पाच वर्षे खर्ची घालून व कर्जाचा बोजा अंगावर घेऊन हा दुहेरी भार का पत्करते, हे ध्यानात येणार नाही.

ज्या काळी या तीन विद्यांची तीन खाती झालेली नव्हती, तेथूनच प्रारंभ केला पाहिजे. न्यूयॉर्क शहराच्या मध्यभागी सेंट्रल पार्क नावाचे जे विस्तीर्ण उद्यान आहे, त्याच्या रचनेसाठी झालेल्या स्पर्धेत १८५८ साली फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेड आणि कॅल्व्हर्ट व्हॉक्स या दोघांचा आराखडा मंजूर झाला. व्हॉक्स हा इंग्लंडात उमेदवारी केलेला वास्तुविशारद; ओल्मस्टेडपाशी कोणत्याही विद्यापीठाची पदवी नव्हती, त्याने शेती करून पाहिली होती आणि वृत्तपत्रांसाठी दक्षिणेकडील गुलामगिरीच्या मुलखाची प्रवासवर्णने लिहिली होती. या आराखड्यातील एकच तजवीज येथे सांगतो. शहराची आडवी रहदारी उद्यानाला छेदून जाणार हे तर अटळ होते. तेव्हा ते चार आडवे रस्ते त्यांनी जमिनीच्या पातळीखाली उतरवले, आणि त्यांच्यावरून पूल बांधून पायवाटा व हिरवळ अखंड ठेवली. पुढे घोडागाड्या गेल्या, मोटारी आल्या, तरी त्या उद्यानात फिरणाऱ्याला खालची रहदारी सहसा दिसत नाही. या एका निर्णयात नगररचना किती, भूमीची जाण किती आणि बांधकामाचे कसब किती, याची वाटणी करू गेल्यास हाती काहीच लागणार नाही. त्या वेळी अमेरिकेत वास्तुकलेचे एकही विद्यालय नव्हते. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी, म्हणजे आपल्या बोलण्यातली एमआयटी, हिने विल्यम वेअर यांची नेमणूक १८६५ साली केली आणि प्रत्यक्ष वर्ग १८६८ साली सुरू झाले, तेव्हा या देशात ही विद्या प्रथमच विद्यापीठाच्या दफ्तरात नोंदली गेली.

भूदृश्यरचनेची नोंद व्हायला आणखी तीन दशके लागली, आणि ती झाली ती एका मृत्यूच्या निमित्ताने. चार्ल्स विल्यम एलियट हे १८६९ पासून चाळीस वर्षे हार्वर्डचे अध्यक्ष होते. त्यांचा चार्ल्स याच नावाचा मुलगा ओल्मस्टेडच्या कचेरीत उमेदवार म्हणून राहिला आणि पुढे तेथेच भागीदार झाला. बॉस्टनच्या आसपासच्या टेकड्या, समुद्रकाठ आणि नदीतीर हे खासगी मालकांच्या हाती पडून नष्ट होण्यापूर्वी सार्वजनिक मालकीचे व्हावेत, यासाठी त्याने १८९१ साली एक विश्वस्त संस्था उभी करविली आणि तिच्या पाठोपाठ सरकारी उद्यानमंडळाचे काम अंगावर घेतले. त्या कामात त्याच्या कचेरीने जी पद्धत अवलंबिली तिच्याकडे बारकाईने पाहावे, अशी माझी वाचकांना विनंती आहे. सर्व माहिती एकाच नकाशात न कोंबता पारदर्शक अशा ट्रेसिंग कापडाचे अनेक ताव घेत. एका तावावर हद्दी, रस्ते आणि पायवाटा. दुसऱ्यावर ओढे, तळी व दलदली. तिसऱ्यावर डोंगरांचे चढउतार. हे ताव एकावर एक ठेवून उजेडात धरले की जमिनीचे निरनिराळे गुण एकाच वेळी डोळ्यांसमोर येत, आणि कोणती जागा राखावी हे भूमीच सांगू लागे. १८९७ साली वयाच्या अवघ्या सदतिसाव्या वर्षी चार्ल्स एलियट मेंदूज्वराने गेला. पित्याने मुलाचे विस्तृत चरित्र लिहिले. आणि १९०० साली, त्याच्या स्मरणार्थ म्हणून, हार्वर्डमध्ये भूदृश्यरचनेचा स्वतंत्र अभ्यासक्रम सुरू झाला, ज्याची धुरा थोरल्या ओल्मस्टेडच्या त्याच नावाच्या मुलाने आर्थर शर्टलेफ यांच्या साहाय्याने वाहिली. अमेरिकेतील विद्यापीठांत या विद्येचा हा पहिलाच रीतसर अभ्यासक्रम.

त्यानंतर थोड्याच वर्षांत हार्वर्डमधील वास्तुकला व भूदृश्यरचना या विद्यांना रॉबिन्सन हॉल ही इमारत मिळाली, तीही अकाली मृत्यू पावलेल्या एका विद्यार्थ्याच्या आईवडिलांनी त्याच्या नावाने दिलेल्या देणगीतून. दोन पुत्रांच्या स्मृतींनी उभारलेल्या या विद्यास्थानाविषयी मला नेहमीच आदर वाटत आला आहे. तथापि, इतिहास लिहिणाऱ्याने हेही नमूद केले पाहिजे की स्मारकाला स्वतःचे स्वतंत्र अस्तित्व हवे असते, स्वतःचा निधी, स्वतःचा प्राध्यापक आणि स्वतःची पदवी हवी असते. आणि त्यामुळे एकाच छपराखाली वास्तुकलेचे एक खाते व भूदृश्यरचनेचे दुसरे खाते अशी भिंत प्रारंभापासूनच उभी राहिली. मधल्या भव्य दालनात ग्रीक-रोमन शिल्पांच्या व वास्तुखंडांच्या प्लॅस्टर प्रतिकृती मांडल्या होत्या. वास्तुकलेचे विद्यार्थी त्यांची रेखाचित्रे करीत, भूदृश्यरचनेचे विद्यार्थी झाडांची नावे पाठ करीत.

तिसरे खाते दुसऱ्याच्या पोटातून जन्मले. १९०९ साली जेम्स स्टर्जिस प्रे या भूदृश्यरचनेच्याच प्राध्यापकाने नगररचनेवर व्याख्याने द्यायला आरंभ केला. १९२३ साली भूदृश्यरचनेच्या पदवीलाच नगररचनेची जोड देऊन एक निराळी पदवी निर्माण झाली. आणि १९२९ साली रॉकफेलर प्रतिष्ठानाच्या अनुदानावर नगररचनेचे स्वतंत्र विद्यालय स्थापन झाले. अनुदानाची मुदत संपताच त्या विद्यालयाचा आधारही संपला. एकंदर पाहता या विद्यांच्या सरहद्दी आखल्या त्या स्मारकनिधींनी, अनुदानांनी आणि प्राध्यापकपदांच्या तरतुदींनी. ओढ्याकाठी घर कसे बांधावे आणि त्या घरांची वस्ती किती दाट असावी, हे प्रश्न प्रत्यक्षात एकमेकांपासून सुटे होऊ शकतात असे कोणी सिद्ध करून दाखवले होते आणि मग ही वाटणी झाली, असे मुळीच घडलेले नाही.

पुढे जोसेफ हडनट हे नवे डीन म्हणून आले आणि त्यांनी १९३६ साली ही तिन्ही विद्यालये एकत्र करून ग्रॅज्युएट स्कूल ऑफ डिझाइन ही एकच संस्था केली. रॉबिन्सन हॉलमधील त्या प्लॅस्टर प्रतिकृती हलवण्याचा हुकूमही त्यांनीच दिला. पुढच्याच वर्षी, नाझींच्या राजवटीमुळे जर्मनी सोडावी लागलेले, तेथील बाउहाउस या कलाविद्यालयाचे संस्थापक वॉल्टर ग्रोपियस त्यांच्या निमंत्रणावरून वास्तुकलेचे प्राध्यापक म्हणून दाखल झाले. बाउहाउसमध्ये आरंभीच्या काळात प्रत्येक कार्यशाळेला दोन गुरू असत, एक आकारविचार शिकवणारा चित्रकार आणि दुसरा हातकसब शिकवणारा कारागीर. तेव्हा एका शिष्याने दोन विद्या एकदम घ्याव्यात ही कल्पना ग्रोपियस यांना नवी नव्हती. प्रत्यक्षात मात्र एकीकरण कागदावर जेवढे झाले तेवढे मेजावर झाले नाही. वास्तुकलेचे खाते तेजस्वी झाले आणि बाकीची दोन त्याच्या छायेत राहिली. भूदृश्यरचनेकडील गॅरेट एक्बो, डॅन कायली आणि जेम्स रोज हे तीन विद्यार्थी शेजारच्या वर्गातील नवे वारे पाहून अस्वस्थ झाले, आणि आपल्या खात्यात अजून जुन्या पद्धतीच्या बागाच का काढायला लावतात असे उघडपणे विचारू लागले. त्यांतील एक्बो यांनी तेवढी पदवी घेतली. कायली व रोज पदवीविनाच बाहेर पडले, आणि तरीही अमेरिकेतील आधुनिक उद्यानकलेचा इतिहास या तिघांची नावे घेतल्याशिवाय लिहिता येत नाही.

याच सुमारास एका दांपत्याच्या रूपाने दोन विद्यांचा संयोग घडून आला. आयलीन लू ही चिनी तरुणी हार्वर्डला भूदृश्यरचना शिकू लागली आणि तिच्यामुळे तिचा पती आय. एम. पे हा तेथील वास्तुकलेच्या वर्गाकडे ओढला गेला. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयापुढील काचेचा पिरॅमिड पुढे ज्याच्या हातून झाला, तो हाच. पे यांच्या त्याच वर्तुळात आपला एक कोकणी माणूस होता. मालवण तालुक्यातील आचरा गावी १९१६ साली जन्मलेले अच्युत कानविंदे मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये वास्तुकला शिकले, आणि वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने प्रयोगशाळांच्या बांधणीचे ज्ञान मिळवण्यासाठी त्यांना १९४५ साली हार्वर्डला पाठवले. ग्रोपियस यांच्या हाताखाली दोन वर्षे काढून ते परतले आणि पुढे कानपूरच्या आयआयटीचा परिसर त्यांनी रचला. त्या परिसरात झाकलेले पादचारी मार्ग इमारतींना जोडत जातात, मोटारी बाहेरच्या बाजूने फिरतात, आणि दोन इमारतींमधील मोकळी जागा इमारतींइतकीच विचारपूर्वक घडवलेली आहे. कानविंद्यांनी पदवी एकच घेतली होती, पण त्यांचा हात तिन्ही विद्यांत फिरला, कारण स्वतंत्र झालेल्या देशात तेव्हा ही कामे वाटून घ्यायला माणसेच नव्हती.

हडनट आणि ग्रोपियस यांचे पुढे बिनसले. पहिल्या वर्षाच्या सर्व विद्यार्थ्यांना समान असा पायाभूत डिझाइनचा वर्ग असावा, असा ग्रोपियस यांचा आग्रह होता. हडनट यांना त्यात माणसाच्या आणि नगराच्या इतिहासाचा विसर पडलेला दिसत होता. या वादातच १९५२ मध्ये ग्रोपियस आणि १९५३ मध्ये हडनट दोघेही निवृत्त झाले. मला यात हडनट यांची बाजू अधिक खरी वाटते; मात्र त्यांचीही एक उणीव राहून गेली. खात्यांना एका नावाखाली आणता येते, पण ती एकमेकांत मिसळायची तर ते काम कोणातरी माणसाच्या ठायी व्हावे लागते, आणि तो माणूस प्राध्यापकवर्गातून येण्यापेक्षा विद्यार्थ्यांतून येण्याचा संभव नेहमीच अधिक असतो.

असा विद्यार्थी आला होता, आणि तो हडनट यांच्या कारकीर्दीतच येऊन गेला. इयन मॅकहार्ग हा ग्लासगोजवळच्या क्लाइडबँकचा. त्याच्या लहानपणी घरापासून एका दिशेने चालत गेले की कारखान्यांची काजळी आणि कोंदट चाळी लागत, आणि दुसऱ्या दिशेने गेले की शेते, ओढे व डोंगर लागत. दोन्ही वाटा त्याने मनसोक्त तुडवल्या. महायुद्धात हवाई छत्रीदलात अधिकारी म्हणून काम करून १९४६ साली तो हार्वर्डला आला, आणि तेथील चार-पाच वर्षांत भूदृश्यरचनेची आधी स्नातक आणि मग पारंगत अशा दोन पदव्या आणि त्यांच्या जोडीने नगररचनेची पारंगत पदवी त्याने मिळवली. त्यानंतर मायदेशी परतल्यावर क्षयरोगाने त्याला गाठले. त्यातून उठून १९५४ साली तो फिलाडेल्फियाला पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात गेला आणि तेथील भूदृश्यरचनेचे खाते त्याने नव्याने उभारले. त्या खात्यात त्याने भूगर्भशास्त्रज्ञ आणले, जलशास्त्रज्ञ आणले, वनस्पतिशास्त्रज्ञ आणि मानवशास्त्रज्ञ आणले, आणि नगररचनेच्या विद्यार्थ्यांना जमिनीचा व भूदृश्यरचनेच्या विद्यार्थ्यांना वस्तीचा विचार करायला भाग पाडले.

१९६९ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या ‘डिझाइन विथ नेचर’ या ग्रंथात न्यूयॉर्कच्या स्टेटन बेटावरील एका प्रस्तावित महामार्गाचे प्रकरण आहे. सरकारी अभियंत्यांनी रस्त्याची ओळ ठरवताना अंतर आणि खर्च पाहिला होता. मॅकहार्ग आणि त्याच्या सहकाऱ्यांनी त्या पट्ट्याचे एकामागून एक पारदर्शक नकाशे केले: उतार, पाण्याचा निचरा, खडकाची मजबुती, धूप, जंगल, वन्यजीव, देखावा, घरे, जुन्या ऐतिहासिक जागा. प्रत्येक नकाशात तीन छटा; जेथे रस्त्यामुळे अधिक हानी तेथे गडद, जेथे कमी तेथे फिकट. मग हे सारे नकाशे एकावर एक रचून त्यांचे छायाचित्र घेतले, आणि गडद ढगांमधून जी फिकट वाट निघाली तीच रस्त्याची योग्य जागा असे दाखवून दिले. हरितपट्ट्यातून जाणारा तो भाग पुढे बांधला गेलाच नाही. चार्ल्स एलियटच्या कचेरीतील ट्रेसिंग कापडाचे ताव सत्तर वर्षांनंतर अशा रीतीने पुन्हा एकदा उजेडात धरले गेले. फरक एवढाच की एलियटच्या तावांवर जमीन होती आणि मॅकहार्गच्या तावांवर जमिनीबरोबर नगरही होते. भूदृश्यरचनेच्या खात्याने त्याला ओढे आणि उतार वाचायला शिकवले होते, नगररचनेच्या खात्याने हमरस्ते आणि वस्त्या. दोहोंपैकी एकाच खात्यात शिकलेल्या माणसाच्या हातून हे नकाशे निघाले नसते असे माझे मत आहे. प्रत्येक मूल्याला सारखीच छटा देऊन त्यांची बेरीज करणे न्याय्य आहे काय, ही शंका त्या पद्धतीवर घेतली गेली आणि ती रास्त आहे. परंतु शंका घ्यायलासुद्धा आधी ती मूल्ये कोणी तरी कागदावर मांडावी लागतात.

याच परंपरेतला पुढचा दुवा म्हणजे जॅक डेंजरमंड. मिनेसोटा विद्यापीठाची वास्तुकला व नगरसंकल्पन यांची आणि हार्वर्डची भूदृश्यरचनेची अशा दोन पदव्युत्तर पदव्या घेऊन तो बाहेर पडला. हार्वर्डमध्ये तेव्हा नकाशे संगणकावर काढण्याची प्रयोगशाळा होती; तेथे जे पाहिले ते मनात ठेवून त्याने १९६९ सालीच पत्नीसह कॅलिफोर्नियात एझ्री ही कंपनी काढली. आज महाराष्ट्रातील नगरपालिकांचे विकास आराखडे ज्या जीआयएस या संगणकीय नकाशाप्रणालीवर तयार होतात, तिची जगभरातली वाटचाल ज्या कंपन्यांनी घडवली त्यांत ही अग्रगण्य आहे. एकावर एक थर रचण्याची कल्पना आता संगणकाच्या पडद्यावर नित्याची झाली आहे.

अशा माणसांची उदाहरणे डोळ्यांपुढे असल्यामुळे असो की विद्यार्थ्यांच्या आग्रहामुळे असो, अमेरिकेतील विद्यापीठांनी या दुहेरी अभ्यासाला हळूहळू रीतसर मान्यता दिली. तिचे मर्म हिशेबात आहे. वास्तुकलेची व्यावसायिक पारंगत पदवी तीन ते साडेतीन वर्षांची, भूदृश्यरचनेची तीन वर्षांची. एकीपाठोपाठ दुसरी घ्यायची तर सहा वर्षांहून अधिक काळ लागतो. संयुक्त व्यवस्थेत काही स्टुडिओंचे, म्हणजे मेजावरील रेखाटनवर्गांचे, व ऐच्छिक विषयांचे श्रेयांक दोन्ही पदव्यांच्या खात्यांवर जमा धरले जातात, आणि सारे काम साधारण चार-साडेचार वर्षांत उरकते. एका सत्रात दोन पूर्ण स्टुडिओ सहसा कोणी घेत नाही, घेऊही नये. विद्यार्थी आलटून पालटून एक सत्र या खात्यात आणि एक त्या खात्यात काढतो, आणि अखेरचा प्रबंध असा निवडतो की त्याचे परीक्षण दोन्ही खात्यांना करता यावे.

या आलटून पालटून जाण्यात नेमके काय घडते, हे मेजावरील एका लहानशा साधनात पाहता येते. तेथील वास्तुकलेचा विद्यार्थी जी त्रिकोणी मोजपट्टी वापरतो तिच्यावर एक फूट म्हणजे अष्टमांश इंच किंवा पाव इंच अशी प्रमाणे कोरलेली असतात. भूदृश्यरचनेच्या विद्यार्थ्याच्या पट्टीवर एका इंचात वीस फूट, चाळीस फूट, साठ फूट अशी. पहिल्या पट्टीने दाराची चौकट मोजता येते, दुसरीने टेकडीचा उतार. दोन पदव्यांच्या विद्यार्थ्याच्या मेजावर या दोन्ही पट्ट्या पडलेल्या असतात आणि त्याला दर घटकेला एक ठेवून दुसरी उचलावी लागते. वास्तुकलेच्या छेदचित्रात जमीन म्हणजे इमारतीखालचा एक काळा भरीव पट्टा. भूदृश्यरचनेच्या छेदचित्रात त्याच पट्ट्यात मातीचा थर, मुळे, पाझर आणि निचऱ्याचे नळ काढावे लागतात. काळाचा हिशेबही वेगळा. इमारत पूर्ण झाल्या दिवशी जशी दिसेल तशी काढतात, तर झाडाचा घेर नकाशात पूर्ण वाढीचा काढतात, म्हणजे लावणीनंतर पंधरा-वीस वर्षांनी तो जेवढा होईल तेवढा. ज्याने एकाच आठवड्यात या दोन्ही रीतींनी एकच जागा काढून पाहिली, त्याला जोत्याची उंची ठरवताना पावसाळ्यातील पाणी आठवते, आणि झाड कोठे लावावे हे ठरवताना दक्षिणेकडील खिडकी आठवते.

१९७२ साली हार्वर्डचे हे विद्यालय रॉबिन्सन हॉल सोडून गंड हॉल या नव्या इमारतीत गेले. तिचा रचनाकार जॉन अँड्र्यूज हा त्याच विद्यालयाचा जुना विद्यार्थी. एका प्रचंड उतरत्या छपराखाली पायऱ्यापायऱ्यांनी चढत गेलेल्या उघड्या सज्जांवर सर्व खात्यांच्या विद्यार्थ्यांची मेजे मांडलेली, मध्ये भिंत नाही. तरीही १९८० च्या सुमारास नगररचनेचे खाते त्या छपराखालून उठवून शासनविद्येच्या केनेडी स्कूलकडे वर्ग करण्यात आले आणि ते परत यायला नव्वदीचे दशक उजाडावे लागले. लंडनमध्ये याच सुमारास उलट दिशेने एक चांगले पाऊल पडले: रॉयल कॉलेज ऑफ आर्ट आणि इंपीरियल कॉलेज या शेजारच्या दोन संस्थांनी १९८० साली अभियंत्यांसाठी औद्योगिक डिझाइनचा जोड अभ्यासक्रम काढला, आणि आज त्याच्या विद्यार्थ्याला दोन्ही संस्थांची एकेक पदवी मिळते.

आता आपल्याकडे वळतो. नगराचा विचार जीवशास्त्राच्या अंगाने करणारा स्कॉटिश विचारवंत पॅट्रिक गेडिस, ज्याने स्वतः एकही पदवी घेतली नव्हती, तो १९१९ ते १९२४ या काळात मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र व नागरिकशास्त्राचा प्राध्यापक होता. जुनी गावे पाडून रुंद रस्ते काढण्याऐवजी गल्लीगल्लीतून चालत जाऊन, विहिरी, झाडे आणि देवळे पाहून, जेवढे आवश्यक तेवढेच छाटावे, असे तो सांगत होता. त्याचा वारसा मुंबईत समाजशास्त्राकडे, मालवणच्या गोविंद सदाशिव घुर्यांकडे गेला; नकाशे काढणाऱ्यांच्या वर्गात तो रुजला नाही, याची मला फार हळहळ वाटते. १८५७ साली स्थापन झालेल्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या आवारात चित्र, शिल्प, कारागिरी आणि वास्तू या साऱ्या विद्या एकत्र नांदत होत्या. तेथून १९५८ साली वास्तुशास्त्राचे महाविद्यालय वेगळे झाले आणि १९६१ साली उपयोजित कलेची संस्था वेगळी झाली. प्रत्येक वेळी कारभाराच्या सोयीचे सबळ कारण होते. पुण्यात जन्मलेल्या बाळकृष्ण दोशींनी मात्र अहमदाबादेस १९६२ साली वास्तुकलेचे विद्यालय काढले आणि त्याच परिसरात दहा वर्षांनी नगररचनेचे विद्यालयही उभे केले. त्या दुसऱ्या विद्यालयाच्या उभारणीत ख्रिस्तोफर बेनिंजर यांचा हात होता. एमआयटीत नगररचना आणि हार्वर्डमध्ये वास्तुकला शिकलेले हे गृहस्थ पुढे पुण्यालाच स्थायिक झाले, १९७६ साली त्यांनी तेथे विकासाच्या अभ्यासाची संस्था काढली, आणि मुळशीजवळच्या टेकडीवर महिंद्र युनायटेड वर्ल्ड कॉलेजचा परिसर रचला. त्या परिसरात दगडी भिंती उताराला धरून कशा चढत जातात, हे पाहायला विद्यार्थ्यांनी अवश्य जावे.

विद्यापीठ अनुदान आयोगाने एप्रिल २०२२ मध्ये दोन पूर्णवेळ पदव्या एकाच काळात घेण्यास भारतात परवानगी दिली. त्या नियमाची मुख्य अट अशी की एका अभ्यासक्रमाचे तास दुसऱ्याच्या तासांवर येता कामा नयेत. ग्रंथाधिष्ठित विद्यांना ही अट पाळता येईल; एम.ए. आणि एल्एल.बी. करणाऱ्या आपल्या पूर्वसूरींनी ती नियम नसतानाच पाळली होती. परंतु स्टुडिओ सकाळी उघडतो आणि रात्री मिटतो, त्यामुळे वास्तुकला व भूदृश्यरचना, किंवा वास्तुकला व नगररचना, यांचे पदव्युत्तर अभ्यासक्रम एकदम घेऊ इच्छिणाऱ्याला या परवानगीचा काहीच उपयोग नाही. त्याला हवी आहे ती श्रेयांकांच्या सामायिक हिशेबाची आणि एका प्रबंधाच्या दुहेरी परीक्षणाची तरतूद. जे. जे.ला २०२३ साली अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला असून त्याच्या नावात कला, वास्तुकला आणि डिझाइन हे तिन्ही शब्द शेजारीशेजारी आले आहेत, आणि आपले अभ्यासक्रम आपण ठरवण्याचा अखत्यारही आला आहे. तेथील, तसेच पुण्या-मुंबईच्या इतर विद्यापीठांतील विद्वत्परिषदांनी हा सामायिक स्टुडिओचा मसुदा लवकर हाती घ्यावा, आणि तो करताना दोन्ही पट्ट्या मेजावर ठेवून शिकलेल्या चार माणसांना जरूर बोलवावे.